घरातल्या मोठ्या बाईचं आयुष्य लिहायचंय? तेराव्याची वाट बघू नका

आमची माई, म्हणजे माझी आजी, २०२४ च्या फेब्रुवारीत गेली, पंचाण्णव वर्षांची होऊन, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्याच घरात जिथे ती लग्न होऊन आली होती. तेराव्याला जेवणं झाल्यावर काका म्हणाले तू शिकलेली आहेस, तूच दोन शब्द बोल. मी उभी राहिले आणि म्हटलं, माई खूप प्रेमळ होती, कष्टाळू होती, सगळ्यांना धरून राहायची. सगळ्यांनी माना हलवल्या, मी बसले. शेजारच्या गुजराती मासी, ज्या साठ वर्षं माईच्या भिंतीला भिंत लावून राहिल्या, त्या हळूच कानात म्हणाल्या, "एवी तो बधानी बा होय." म्हणजे अशी तर सगळ्यांचीच आजी असते.

मला लाज वाटली खरं सांगते. पण मासींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मग वर्षभर बसून आम्ही माईची एक छोटी पुस्तिका केली, अठ्ठावीस पानांची, वर्षश्राद्धाला वाटली. त्यात काय चुकलं, काय जमलं ते इथे लिहितेय, कारण माझ्या ओळखीतच चार जणांनी विचारलं की कसं केलं.

पहिली गोष्ट, तेरा दिवस वाया घालवू नका. सुतकाचे दिवस म्हणजे सगळे घरात, पुण्याहून आत्या आलेली, सुरतेहून मामा आलेले, कोणाला कुठे जायचं नाही, टीव्ही बंद, दुपारी नुसतं चटईवर पडून गप्पा. एरवी हे सगळे एका छपराखाली लग्नातच भेटतात आणि तिथे कोणाला बोलायला वेळ नसतो. आमच्याकडे गरुडपुराण संध्याकाळी असायचं, दुपार मोकळी. त्या दुपारीच माईच्या धाकट्या बहिणीने, ती स्वतः अठ्ठ्याऐंशीची, सांगितलं की माईचं माहेरचं नाव कुसुम नव्हतंच, कुसुम तिच्या मावशीने ठेवलेलं, पाळण्यातलं वेगळंच होतं. हे मला त्रेचाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी फोन उशीखाली ठेवून रेकॉर्ड केलं, ते चूक केलं, अर्धं ऐकूच येत नाही. फोन दुमडलेल्या नॅपकिनवर समोर ठेवा, एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बारीक करा आणि सरळ सांगा की मी रेकॉर्ड करतेय. कोणी नाही म्हणत नाही. उलट जरा सावरून बसतात.

आणि अर्थात तुमची आजी अजून आहे तर तिच्याकडूनच ऐका, मग हा लेख पुढे वाचायची पण गरज नाही, उठा आणि जा. पण जाऊन "आजी तुझ्या आयुष्याबद्दल सांग ना" असं म्हणू नका. काय सांगणार ती? "काय सांगायचं, गेलं आयुष्य." झालं. वस्तू हातात द्या. मी एकदा माईच्या हातात तिचा जुना पितळी डबा दिला तर पाऊण तास बोलली. घरात नळ कधी आला, त्याआधी पाणी कुठून आणायचीस, आजवा तलावाचं पाणी आणि विहिरीचं पाणी चवीला कसं वेगळं लागायचं, पहिल्यांदा स्वतःचे पैसे हातात आले ते कुठे लपवलेस, असं विचारा. "लपवलेस" या शब्दावर माई अशी हसली की मला कळलं इथे काहीतरी आहे. होतंच, हिंगाच्या डबीत.

तारखांचा घोळ कसा सोडवायचा

याच्यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त मजा पण इथेच आली, म्हणून सविस्तर सांगते.

माईच्या सगळ्या कागदांवर जन्मतारीख १ जून १९२७. आता १ जून बघितलं की समजून जायचं, ही शाळेत मास्तरांनी टाकलेली तारीख, त्या पिढीतल्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जूनच असतो. माई स्वतः म्हणायची मी अधिक श्रावणातली. हा खरा धागा. अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो पण दर वेळी वेगळा, तोच महिना परत यायला आठ, अकरा नाहीतर एकोणीस वर्षं लागतात. अधिक श्रावण आला १९२८ ला, मग एकोणीस-एकोणीस वर्षांनी १९४७, १९६६, १९८५, २००४ आणि २०२३ (मधे १९३९, १९५८ आणि १९७७ लाही आला, पण आम्ही एकोणीस वर्षांचीच साखळी धरली). आता १९२७ मध्ये अधिक श्रावण नाहीच, म्हणजे माई १९२८ ची, जुलैच्या उत्तरार्धातली नाहीतर ऑगस्टच्या पूर्वार्धातली. मास्तरांनी सव्वा वर्षाने मोठी केली.

याचा फायदा पण झाला बरं का. आजोबा रेल्वेत होते, माईला फॅमिली पेन्शन होतं, आणि त्यात ऐंशी पूर्ण झाली की वीस टक्के वाढ, मग पंच्याऐंशीला तीस, नव्वदला चाळीस, पंचाण्णवला पन्नास टक्के. कागदावर ती २०२२ मध्येच पंचाण्णवची झाली. ती म्हणायची, "सरकारची मी थोरली, पंचांगाची धाकटी." आणि एकोणीस वर्षांची फेरी जन्मापासून पाचदाच पूर्ण झाली म्हणून वाढदिवसाला पणतवंडांना सांगायची, मी तुमच्याएवढीच, पाच वर्षांची. २०२३ च्या अधिक श्रावणात आम्ही केकवर खरंच पाचची मेणबत्ती लावली होती. पाच एकोणीस पंचाण्णव.

तर त्या साखळीतले हे सहा अधिक श्रावण हेच आमच्या पुस्तिकेचे सहा भाग झाले. प्रत्येक वेळी माई कुठे होती, घरात कोण कोण होतं, ती काय करत होती. तुमच्या आजीचा महिना वेगळा असेल, अधिक महिन्यातली नसेल तर दुसरं काहीतरी धरा, पण असा खुंटा पाहिजेच, नाहीतर आठवणी नुसत्या तरंगत राहतात, "तेव्हा फार स्वस्ताई होती" वगैरे.

जुन्या कागदांवर वर्षं कशी लिहिलीत ते पण बघा. बडोद्याला ही एक गंमत आहे, आपल्या लोकांच्या पत्रिकेवर शके असतं आणि गुजराती दुकानदाराच्या चोपडीतली पावती असेल तर संवत. इसवी सन काढायला शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, तारीख जानेवारी ते गुढीपाडवा यांच्यामधली असेल तर एकोणऐंशी. संवतातून छप्पन वजा करायचे, पण गुजराती संवत दिवाळीनंतर बदलतो म्हणून कार्तिकापासून डिसेंबरअखेरपर्यंत सत्तावन्न. आमच्याकडे एका बांगड्यांच्या पावतीवर संवत २०२० होतं, महिना माघ, म्हणजे १९६४. तेव्हा लक्षात आलं की सगळ्यात धाकट्या नणंदेच्या लग्नातलं सोनं असं फिकट का दिसतं. १९६३ च्या जानेवारीत सोने नियंत्रण आलं होतं, चौदा कॅरटच्या वर नवा दागिना करायला बंदी. माई म्हणायची सोनाराने फसवलं, साठ वर्षं त्या बिचाऱ्याला शिव्या घातल्या. तो निर्दोष निघाला.

मोठ्या घटना पण खुंट्यासारख्या वापरा, पण जपून. सयाजीराव महाराज गेले १९३९ च्या फेब्रुवारीत, माई तेव्हा दहा वर्षांची, तिला आठवत होतं की वडील पागोटं काढून ओट्यावर बसले होते आणि कोणी त्यांना जेवायला बोलवायला धजावलं नाही. बस एवढंच लिहा. महाराजांचं चरित्र लिहायला बसू नका, ते लिहिणारे पुष्कळ आहेत. पण एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी होती, ती म्हणजे माई शाळेत का गेली. तिचे वडील काही सुधारक वगैरे नव्हते, उलट कर्मठ. पण बडोदा संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं, मुलींना सुद्धा, आणि पोर शाळेत नाही पाठवली तर बापाला दंड. पणजोबा दंडाला घाबरले म्हणून माई लिहायला वाचायला शिकली. तिच्या पिढीच्या दुसरीकडच्या किती बायका अंगठा लावायच्या ते आठवा म्हणजे या दंडाची किंमत कळेल.

आता १९४७. मी लहानपणापासून विचारायची, माई स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तू काय केलंस, तिरंगा बघितलास का. आणि ती म्हणायची, "देश स्वतंत्र झाला आणि माझे अनारसे हसले." आम्हाला वाटायचं ही चेष्टा करतेय. पण १५ ऑगस्ट १९४७ अधिक श्रावणातच येतो, अगदी शेवटाला, दुसऱ्या दिवशी अमावस्या. घरी नणंदेचा नवरा अधिकाच्या वाणाला येणार, तेहतीस अनारसे व्हायचे होते, नवी सून म्हणून सासूने कढईसमोर माईला बसवलं, एकोणीस वर्षांची पोर, आणि तुपात सोडला की अनारसा विरघळून पसरतोय, म्हणजे हसतोय. गूळ जास्त झाला होता. बाहेर रस्त्यावर लोक ओरडतायत, पेढे वाटतायत, आणि आत सासू एक शब्द न बोलता शेजारी येऊन बसली, पिठात मूठभर कोरडं तांदळाचं पीठ मळलं आणि परत माईच्याच हातात गोळा दिला. ओरडली नाही. माई म्हणायची त्या दिवशी मला कळलं की या घरात राहता येईल. (बडोदं तेव्हा अजून संस्थानच होतं, मुंबई प्रांतात गेलं ते १ मे १९४९ ला, त्या दिवशी काय झालं विचारलं तर माईला काहीच आठवत नव्हतं. लोकांच्या इतिहासातल्या तारखा आणि स्वयंपाकघरातल्या तारखा जुळतीलच असं नाही.)

बघा, तेराव्याला मी "सोशिक" म्हटलं असतं. हा प्रसंग लिहिल्यावर तो शब्द लागलाच नाही. म्हणून आमच्या घरात नियम केला की पुस्तिकेत प्रेमळ, मायाळू, कष्टाळू, सोशिक, अन्नपूर्णा हे शब्द बंद. ज्याला लिहायचंय त्याने ती काय करायची ते लिहावं. काकांनी फार कुरकुर केली, मग त्यांनी लिहिलं की ते दहावीला नापास झाले तेव्हा माईने निकालाचा कागद देवासमोर ठेवला, त्यांना घेऊन सुरसागर तलावाला फेरी मारली, सेव-उसळ खायला घातली आणि घरी येऊन म्हणाली आता वडिलांना तूच सांग. मला तरी पूर्ण पुस्तिकेत हे पान सगळ्यात आवडतं.

रेसिपी लिहायच्या असतील तर

अंदाजे लिहू नका आणि यूट्यूबवरून तर मुळीच उचलू नका. तिची वाटी शोधा. माईची एक चेपलेली पितळी वाटी होती, आम्ही त्यात पाणी भरून मोजलं तर एकशे चाळीस मिली निघाली, म्हणजे पुस्तकातल्या वाटीपेक्षा बरीच लहान, म्हणून इतकी वर्षं आमचं काहीच तिच्यासारखं होत नव्हतं. मूठ, चिमूट पण तशीच, तिच्या हाताच्या मापाची कोणी घरात असेल तर तिची मूठ वजनकाट्यावर टाका. आमच्याकडे आत्याचा हात हुबेहूब माईचा. अनारशाला तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, हे सगळ्यांना माहितीय, पण माई चौथ्या दिवशी सावलीत वाळवताना मधेच तांदूळ गालाला लावून बघायची, गार लागले पण चिकटले नाहीत की कुटायला घ्यायची. हे कुठल्या पुस्तकात नाही. असलं लिहा.

फोटो

इथे आम्ही मार खाल्ला. माई गेल्यावर सगळे म्हणाले फोटो स्कॅन करू, करू, आणि ट्रंक खालच्या खोलीत राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला. आमच्या घरात पाणी आलं नाही, पण ट्रंक नेमकी महिनाभर आधी बडोद्यातल्याच अकोटा भागात चुलतभावाकडे नेली होती स्कॅनिंगसाठी आणि तिथे कमरेएवढं पाणी. तर भिजलेल्या फोटोंचं जे शिकलो ते सांगते. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सुटे करू नका, वरचा थर निघून येतो. स्वच्छ गार पाण्यात ठेवा, आपोआप सुटायला लागतात, मग चित्राची बाजू वर करून सावलीत पसरा, उन्हात नाही, हेअर ड्रायर नाही. एका दिवशी सगळं जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, नंतर थोडे थोडे काढा. काचेला चिकटलेला फोटो असेल तर काचेसकटच स्कॅन करा. आमचे चाळीसेक वाचले, साठेक गेले. चुलतभाऊ आजही त्याबद्दल बोलत नाही, मी पण नाही.

स्कॅन सहाशे डीपीआयला करा आणि फोटोची मागची बाजू पण करा, स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलने लिहिलेलं नाव, सगळं मागेच असतं. आणि कृपा करून ते फोटो नवे करून देणारे ॲप वापरू नका. माझ्या भाच्याने हौसेने माईचा १९५० च्या सुमाराचा एक फोटो रंगीत करून ग्रुपवर टाकला, सगळे वा वा, आणि आत्या एकदम म्हणाली, हिचं गोंदण कुठे गेलं? हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके ॲपने डाग समजून पुसून टाकले होते. आणि नाक जरा सरळ केलं होतं. ती कोणीतरी दुसरीच बाई, माईच्या साडीतली.

काय लिहायचं नाही

प्रत्येक घरात दोन-तीन गोष्टी असतात, वाटणीची, एखाद्या दिराची, न बोलणाऱ्या जावेची. आमच्याकडे पण आहेत. मी असं केलं, लिहायच्या सगळ्या, पण छापायच्या नाहीत. हाताने लिहून पाकिटात घालून आत्याकडे दिल्या. खोटं मात्र लिहायचं नाही, म्हणजे जावेचं आणि तिचं सख्ख्या बहिणींसारखं होतं असं छापू नका, गावाला माहिती असतं. ते पान सोडून द्या, बस. मेलेलं पोर असेल तर मात्र लिहा. माईची एक मुलगी दोन वर्षांची होऊन गेली, १९५३ ला, तिचं नाव कोणाच्याच तोंडी नव्हतं, माई शेवटच्या महिन्यात ते नाव घेत होती आणि आम्हाला कळतच नव्हतं कोणाला बोलावतेय.

वंशावळ टाकायची असेल तर त्र्यंबक-नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीत बघा, पुरुषांची नावं भरपूर मिळतील, बायकांची मात्र घरातूनच गोळा करावी लागतात. आमच्या वंशावळीत प्रत्येक बाईची दोन नावं लिहिली, माहेरचं आधी.

भाषेचं म्हणाल तर आमची चौथी पिढी मराठी बोलते पण वाचते इंग्लिश नाहीतर गुजराती. आम्ही पुस्तिका मराठीतच केली आणि मोठ्या टायपात, आणि प्रत्येक भाग कोणीतरी वाचून त्याचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. मुलांनी ते ऐकलं. वाचलं असतं की नाही शंका आहे. माईचं बोलणं जसं होतं तसंच ठेवलं, ती "रसोड्यात" म्हणायची, "चालेल ने" म्हणायची, पुण्याच्या वहिनीने ते शुद्ध करून पाठवलं होतं, मी परत अशुद्ध केलं.

छापायच्या आधी घरातल्या निदान तिघांना वाचायला द्या आणि शेवटी चार पानं कोरी सोडा. हे सगळ्यात महत्त्वाचं निघालं. वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर मासी पुस्तिका घेऊन झोपाळ्यावर बसल्या, देवनागरी त्यांना येतं, बोट ठेवून ठेवून वाचत होत्या. १९८५ च्या भागात आम्ही लिहिलं होतं की डोळ्यांना कमी दिसायला लागल्यावर माईने शिलाई मशीन विकून टाकलं. मासी म्हणाल्या, "खोटुं छे." मशीन विकलं नव्हतं. मासींच्या सुनेला शिकायला दिलं होतं, परत कधी मागितलं नाही, अजून त्यांच्या माळ्यावर आहे.

संध्याकाळी आम्ही सगळे भिंतीपलीकडे गेलो. भावाने मशीन खाली उतरवलं, चाक जरा अडखळून फिरलं. खालच्या छोट्या खणात पाच बॉबिन, एक गंजलेली सुई, आणि कॅलेंडरच्या पानाची घडी. मागे माईच्या अक्षरात पेन्सिलने मापं, छाती एकवीस, उंची अठरा, बाही नको, खिसा हवा म्हणते. आणि वर माझं घरातलं नाव. चार वर्षांची असेन मी.

ती घडी आता पहिल्या कोऱ्या पानावर लावलीय. फेव्हिकॉल लावू नका असल्या कागदाला, फोटोचे कागदी कोपरे मिळतात ते वापरा, म्हणजे काढून मागची बाजू पण बघता येते. मागे ऑगस्ट आहे.